बाँबहल्ल्याचा नियम एका ओळीत मावत नाही

महोदय,

पटखेळांवरील आपल्या रविवारच्या लेखासोबतच्या चौकटीत ‘ॲक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटखेळातला बाँबहल्ला असा सांगितला आहे : बाँबर (बाँबफेकी विमान) शत्रूच्या कारखान्यावर न्यावा, फासा टाकावा आणि पडेल त्या दानाएवढे पैसे शत्रूकडून वसूल करावेत. एवढ्यावर विसंबून कोणी डाव मांडला, तर तासाभरात भांडण ठरलेले. हा नियम १९८४च्या मिल्टन ब्रॅडली आवृत्तीतला आहे आणि तोही अर्धाच. विमानवेधी तोफ त्यातून गळली आहे, परतीचे अंतर गळले आहे, वसूल करायचे ते पैसे नेमके कोणत्या वेळचे हेही गळले आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत तर पैसे वसूल होतच नाहीत, कारखान्याखाली नुकसानीच्या चकत्या ठेवतात.

(अशा खेळांना ‘युद्धपट’ म्हणणे सोयीचे झाले असते, पण तो शब्द सिनेमावाल्यांनी आधीच पळवला. म्हणून इथे ‘युद्धाचे पटखेळ’ असेच म्हणतो.)

चौकटीत सगळा भर फाशावर आहे. सारीपाटावर वाढलेल्या आपल्या मनाला ते साहजिक वाटते. बाँबहल्ल्याच्या नियमात मात्र फासा ही सर्वांत किरकोळ गोष्ट. खेळ तोलून धरतात त्या तीन गोष्टी : कोणी कोणाच्या आधी काय करायचे याचा क्रम, नुकसानीची मर्यादा, आणि विमानाला घरी परतावे लागते ही अट. घरगुती नियम लिहिणारे नेमके या तिन्हीत घसरतात.

आधी पैशांचा हिशोब. १९८४च्या संचात बाँबर १५ आयपीसीला मिळतो (आयपीसी म्हणजे या खेळातले चलन). कारखान्याच्या प्रदेशात विमानवेधी तोफ असेल, तर हल्ला करणाऱ्या प्रत्येक विमानावर तिचा एक फासा पडतो आणि १ आले की विमान गेले. म्हणजे प्रत्येक हल्ल्यात सरासरी १५चा सहावा भाग, अडीच आयपीसी, पणाला लागतात. वाचलेला बाँबर फासा टाकतो, त्याची सरासरी साडेतीन. पण सहातल्या पाच वेळाच तो तिथवर पोचत असल्याने खरी मिळकत २.९२. निव्वळ नफा अर्ध्या आयपीसीहूनही कमी! तोफ वगळून शिकवले, की हाच नफा थेट साडेतीन होतो आणि मग जर्मनीच्या खेळाडूला डाव सोडून चहा करायला जाण्याखेरीज काही उरत नाही. त्या आवृत्तीत तोफ ही ५ आयपीसीची वेगळी सोंगटी आहे. तोफ नसेल तर कारखाना उघडा. म्हणून नवख्या खेळाडूला आधी तोफ कुठे ठेवायची ते शिकवावे, बाँबर मागाहून.

मग एवढ्या थोड्या नफ्यासाठी हल्ला करायचाच कशाला? हा प्रश्न विचारणारा खेळाडू बरोबर वाटेवर आहे. बाँबरला जमिनीवरच्या लढाईत नेले तर तो ४ किंवा कमी दानावर मारतो, म्हणजे प्रत्येक फेरीत दोन तृतीयांश शक्यतेने एक सोंगटी. पायदळ ३ आयपीसीचे, तेव्हा फेरीला साधारण २ आयपीसीचे नुकसान. शिवाय प्रदेश जिंकायला हातभार लागतो तो वेगळाच. एका खेळीत एक विमान यांतले एकच काम करू शकते. त्याच प्रदेशावर पायदळाचा हल्लाही चालू असू शकतो, पण कारखान्यावर पाठवलेला बाँबर त्या लढाईत धरायचा नाही. ही अट राहून गेली, की एकच विमान दोनदा वापरले जाते. घरच्या डावांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

आता पैसे कधीचे, हा मुद्दा. वाचताना तो क्षुल्लक वाटतो, पण याच्यामुळे पूर्ण नियम मरू शकतो. या खेळात प्रत्येकाची खेळी खरेदीने सुरू होते, मग लढाई, आणि उत्पन्न हाती येते ते खेळीच्या अगदी शेवटी. म्हणजे तुमची पाळी येते तेव्हा शत्रूच्या गल्ल्यात पैसे पडून असतात आणि तुमचा बाँबर त्यांच्यावर डल्ला मारतो. काही घरांत सोय म्हणून ‘आधी पगार, मग खर्च’ असा क्रम करतात. लहान मुलांना तो लवकर समजतो हे खरे. पण त्या क्रमात शत्रूने आपला पैसा आपल्याच पाळीत उडवलेला असतो आणि बाँब पडतात ते रिकाम्या तिजोरीवर. सहाचे दान पडूनही वसुली शून्य. मग खेळाडू म्हणतात, बाँबर निरुपयोगी आहे. बाँबरचा यात काही दोष नाही.

मर्यादेची गोष्ट आणखी मजेची. १९८४च्या आवृत्तीत नुकसानीला कमाल मर्यादाच नव्हती, आणि संशोधनातून ‘हेवी बाँबर’ मिळाला की प्रत्येक विमान बाँब टाकताना तीन फासे टाकत असे. तीन फाशांची सरासरी साडेदहा. तोफेचा धोका धरूनही एका विमानामागे पावणेनऊची मिळकत आणि अडीचचा धोका. असे चार बाँबर जमले की दर फेरीला सरासरी ३५ आयपीसी उडतात, आणि जर्मनीचे सुरुवातीचे उत्पन्न ३२. पुढे काय होणार हे वेगळे सांगायला नको. पुढच्या आवृत्त्यांत हे तंत्र दोन फासे टाकून मोठे दान घ्यायचे, इतके आवळले गेले. तशी सरासरी साधारण ४.४७ येते, म्हणजे साध्या बाँबरपेक्षा सरस पण डाव बिघडवणारी नाही. घरी नवे शस्त्र घालताना फासे वाढवण्यापेक्षा ‘अधिक फाशांतले मोठे दान’ ही युक्ती वापरावी. मोठ्या दानाचे टोक वाढत नाही, फक्त लहान दाने गळतात.

२००४च्या ‘रिवाइज्ड’ आवृत्तीत नुकसानीला प्रदेशाच्या उत्पन्नाची मर्यादा आली. तिचा परिणाम रशियाच्या कॉकेशस प्रदेशावर बघावा. त्याचे उत्पन्न ४, म्हणून एका बाँबरचे ५ आणि ६ ही दानेही ४च धरली जातात. सहा दानांची सरासरी ३ वर येते, तोफेतून वाचण्याची शक्यता धरली की अडीच. बाँबरही त्या आवृत्तीत १५चाच, म्हणजे धोका तोही अडीच. नफा काटेकोर शून्य! एका बाँबरने कॉकेशसवर हल्ला करणे म्हणजे पैसे या खिशातून त्या खिशात. खुद्द जर्मनी या एका प्रदेशाचे उत्पन्न १०, तिथे एकट्या बाँबरला ही मर्यादा आडवी येत नाही. फासा तोच, तोफ तीच, पण लक्ष्य बदलताच हिशोब पालटतो.

२००८च्या आवृत्तीपासून वसुली जाऊन चकत्या आल्या, आणि १९४०च्या डावावर बेतलेल्या दोन संचांत (पॅसिफिक आणि युरोप, दुसरी आवृत्ती २०१२) हा नियम सर्वांत पक्व दिसतो. तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. मोठा कारखाना खेळीला १० सोंगट्या काढतो, लहान ३. प्रत्येक चकतीमागे उत्पादन एकाने घटते. मोठ्याला कमाल २० चकत्या, लहानाला ६. मालक आपल्या खरेदीच्या वेळी एका आयपीसीला एक चकती उचलू शकतो, पण सक्ती नाही. मोठ्या कारखान्यावर १० चकत्या झाल्या की उत्पादन बंद. वरच्या १० चकत्या उत्पादन आणखी घटवत नाहीत, फक्त दुरुस्तीचे बिल फुगवतात. २० चकत्यांवर एकच सोंगटी काढायची तरी आधी ११ आयपीसी मोजावे लागतात.

याचा सर्वांत कठोर नमुना आपल्याच भागात आहे. पॅसिफिक संचात भारताचा प्रदेश ब्रिटनच्या पूर्वेकडील अर्थव्यवस्थेचे केंद्र असतो, राजधानी कलकत्ता, आणि तिथे मोठा कारखाना. त्या अर्थव्यवस्थेचे सुरुवातीचे उत्पन्न १७. ब्रह्मदेशाच्या बाजूने जपानी बाँबर पोचू लागले आणि कारखाना २० चकत्यांनी भरला, तर पूर्ण उत्पन्न ओतूनही तो पूर्ववत होत नाही. ११ देऊन एक जागा मोकळी केली तर हाती ६ उरतात. १३ देऊन तीन जागा मोकळ्या केल्या तर ४, त्यात पायदळाची एकच सोंगटी येते. १२ देऊन दोन जागा मोकळ्या केल्या तर ५ उरतात, तरीही पायदळ एकच. म्हणून भारत खेळणाऱ्याने चकत्या १०च्या आत असतानाच दर खेळीला उचलत राहावे. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणारा कलकत्ता घालवतो. प्रत्यक्ष इतिहासात जपानी विमानांनी कलकत्त्यावर पहिला हल्ला २० डिसेंबर १९४२च्या रात्री केला.

या संचांतला क्रम असा. हल्ला करणारा हालचालीच्या टप्प्यातच सांगतो, कोणते बाँबर कोणत्या लक्ष्यावर आणि सोबत रक्षक म्हणून किती लढाऊ विमाने. नंतर बचाव करणारा ठरवतो, आपली किती लढाऊ विमाने अडवायला उठवायची. मग हवाई लढत, फक्त एक फेरी, आणि दोन्ही बाजूंचे फासे एकदम. रक्षक विमाने बाँब टाकत नाहीत. लढतीतून वाचलेल्या प्रत्येक बाँबरवर लक्ष्याची स्वतःची विमानवेधी तोफ एक फासा टाकते (इथे वेगळी सोंगटी लागत नाही) आणि १ आले की विमान जाते. शेवटी बाँब : मोठा बाँबर फासा अधिक २, टॅक्टिकल बाँबर (जवळच्या माऱ्याचा लहान बाँबर) नुसता फासा, आणि तोही फक्त हवाई किंवा नौदल तळांवर, कारखान्यावर नाही. अडवायला उठायचे की नाही हा निर्णय तोफेच्या आधी घ्यायचा असतो. तोफेचे दान बघून मग विमाने उठवू दिली, तर बचाव करणाऱ्याला फुकटची माहिती मिळते आणि हल्ला तोट्याचा होतो.

हवाई लढतीत सगळी विमाने १ आले तरच मारतात, लढाऊ विमानेसुद्धा. इथे हमखास चूक होते. साध्या लढाईत बचावातले लढाऊ विमान ४ किंवा कमी दानावर मारते, तीच सवय इकडे येते. दोन लढाऊ विमाने ४ने मारू लागली, तर सरासरी एकाहून अधिक बाँबर तोफेच्या आधीच पडतात आणि कोणीही शहाणा पुन्हा बाँबहल्ला करत नाही. १ने मारली तर दोघे मिळून सरासरी एक तृतीयांश बाँबर. आकडा मुद्दाम लहान ठेवला आहे.

अडवायला उठणे नेहमी शहाणपणाचे नसते, हेही चौकटीत यायला हवे होते. समजा रक्षकांविना तीन बाँबर आले. तुमची दोन विमाने उठली. या संचांत बाँबर १२ आयपीसीचा, त्याचे टळलेले नुकसान सरासरी ४.५८, आणि नाहीतरी तोफेने सहावा वाटा घेतलाच असता म्हणून २ वजा. एक बाँबर पाडण्याची किंमत साडेचौदाच्या आसपास, तिचा तृतीयांश म्हणजे जेमतेम ५. उलट तीन बाँबर तुमची सरासरी अर्धे विमान पाडणार, १०च्या भावाने तेही ५. बरोबरी. एकच विमान उठवले तर मिळकत अडीचच्या खाली आणि तोटा चारच्या वर. म्हणजे तीनावर दोन असेल तर हरकत नाही, तीनावर एक असेल तर विमान जमिनीवर बरे. सोबत रक्षक आले, की पारडे आणखी झुकते. अडवणारे विमान त्याच खेळीतल्या जमिनीवरच्या लढाईत धरायचे का, हे घरगुती नियमात लेखी ठरवून ठेवावे. नाहीतर हा वाद मध्यरात्री निघतो.

परतीच्या अंतराबद्दल थोडक्यात. लढाऊ विमानाची चाल ४ प्रदेश, बाँबरची ६, आणि त्यात जाणे-येणे दोन्ही. लक्ष्यापर्यंत ४ खर्ची पडले तर परतीला २च. त्याच खेळीत जिंकलेल्या प्रदेशात उतरता येत नाही, खेळीच्या सुरुवातीला जो आपला किंवा मित्राचा होता तिथेच. लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरू शकते, बाँबर नाही. उतरायला जागाच नसेल तर मुळात निघता येत नाही. सोपी युक्ती : निघताना विमानाशेजारी एक फासा ठेवून त्यावर उरलेली चाल दाखवावी. डोक्यात ठेवलेली चाल लढाईनंतर कोणालाच आठवत नाही.

‘सहातून एकदा विमान गमावणे हे फारच कठोर आहे’ असे काहीजण म्हणतात. विमानांच्या संख्येने बघाल तर ते खरे आहे. २५ मोहिमांची फेरी पूर्ण करणे हे अमेरिकी बाँबर चालकदलाचे उद्दिष्ट असे. दर मोहिमेला सहावा वाटा पडला असता, तर शंभरात एकच दल घरी आले असते. दर मोहिमेला चार टक्के धरले, तर छत्तीस. पण या खेळात एक सोंगटी म्हणजे एक विमान नव्हे आणि एक खेळी म्हणजे एक रात्र नव्हे, ते महिन्यांचे काम आहे. तरीही १४ ऑक्टोबर १९४३ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ ‘बी-१७’ बाँबरपैकी ६० परतली नाहीत, म्हणजे पाचातून एकाहून अधिक. त्यानंतर दूरच्या लक्ष्यांवर रक्षकांविना जाणे थांबले. रक्षक विमानांचा नियम खेळात का आला, ते यावरून समजावे.

एका विमानाच्या पातळीवर उतरायचे असेल तर खेळच वेगळा घ्यावा. ‘बी-१७ : क्वीन ऑफ द स्काइज’ (ॲव्हलॉन हिल, १९८३) हा एकट्याने खेळायचा पटखेळ. दहा जणांचे दल आणि २५ मोहिमा. त्यात जवळपास सगळे तक्त्यांवरच ठरते, खेळाडूच्या हाती निर्णय थोडे. डावपेचाच्या आशेने घेणाऱ्याची निराशा होते, पण ताफ्यापासून ताटातूट झालेले विमान किती लवकर संपते हे त्याच्याइतके कोणी दाखवत नाही. ‘विंग्ज ऑफ वॉर’ (२००४) पटाशिवाय, हालचालीच्या पत्त्यांवर चालतो. हवाई झुंज मुलांना शिकवायला तो उत्तम, बाँबहल्ल्याला मात्र नाही.

हे सगळे लिहिण्याचे कारण आपल्या लेखाचा शेवटचा परिच्छेद. १९७१च्या युद्धावर मराठी मंडळींनी पटखेळ करावा, ही सूचना चांगली आहे. पण कारखान्याचा नियम उचलून तिथे चिकटवला तर खेळ फसेल. ते युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे दोन आठवड्यांचे होते, कारखाने बंद पाडून काही साधले नसते. लक्ष्य होते धावपट्टी. १९४०च्या संचात तळावर ३ चकत्या झाल्या की तो बंद, कमाल ६. हा साचा घ्यावा, पण दोन बदल करून. एक, त्या संचात तळ बंद पडला तरी तिथली विमाने उडू शकतात, फक्त वाढीव चाल आणि समुद्रावर झेपावण्याची मुभा जाते. १९७१साठी बंद तळ म्हणजे उड्डाण नाही, असाच नियम हवा. ६ डिसेंबरला भारतीय मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव तळाच्या धावपट्टीवर बाँब टाकले आणि तिथली पाकिस्तानी सेबर लढाऊ विमाने जमिनीवरच अडकली. दोन, दुरुस्ती पैशाने नव्हे तर वेळेने मोजावी. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले, तरी भारतीय विमाने त्याच रात्री प्रत्युत्तराला निघाली. दर रात्री २ चकत्या आपोआप उचलाव्यात. मग ३ चकत्यांचा तळ सकाळी पुन्हा उघडतो. दुसऱ्या दिवशीही बंद हवा असेल तर ५ किंवा ६ लागतात आणि त्यानंतर पुन्हा जावे लागते. एकच हल्ला करून निश्चिंत होणे त्यात बसत नाही.

दिवस आणि रात्र अशा वेगळ्या फेऱ्या ठेवाव्यात. कॅनबेरासारखे बाँबर रात्री बाँब टाकू शकतील, पण हंटर या लढाऊ विमानाला रात्रीच्या फेरीत जमिनीवरचे लक्ष्य देऊ नये. लोंगेवालात ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे आले आणि जैसलमेरची हंटर विमाने उजाडल्यावर पोचली, कारण अंधारात लढायची साधने त्यांच्याकडे नव्हती. दिवसाच्या फेरीत विमानांचा हल्ला जमिनीवरच्या हालचालीच्या आधी ठेवावा. उलट क्रम ठेवलात, तर रणगाडे ठाण्यावरून पुढे निघून जातील आणि विमाने रिकाम्या वाळूवर बाँब टाकतील.

आपला,
एक वाचक, ठाणे